अकरा तारखेचं जेवण

त्या वर्षी अकरा तारीख रविवारी आली, त्यामुळे न येण्याचं कारण कुणापाशीच उरलं नाही. थोरले ज्या तारखेला गस्तीवरून परत आले नाहीत, त्या तारखेला दुपारी सगळ्यांनी त्यांच्या बायकोकडे, म्हणजे वहिनींकडे, जेवायचं, हा या घराचा सव्वीस वर्षांचा रिवाज. ना विधी, ना भाषण, ना फोटोपुढे हात जोडणं. थोरले हरवले होते, गेले नव्हते, आणि हरवलेल्या माणसाचं नेमकं काय करायचं असतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. काय करावं ते कळेनासं झालं की माणसं जेवायला बसतात.

वहिनींचं चष्म्याचं दुकान खाली आणि घर वर. थोरल्यांच्या धाकट्या भावाची बायको, काकू, जिना चढून आली तेव्हा तिला धाप लागली होती, पण बोलणं काही थांबलं नव्हतं.

"जाऊबाई, तुमचे भाऊजी खाली उभे राहून पायऱ्या मोजतायत. एकोणीस आहेत म्हणे. मी म्हटलं, बरं झालं, गेल्या वर्षीपासून एकही चोरीला गेली नाही."

"मोजू देत," वहिनी हसून म्हणाल्या. "त्यांची नोकरीच आहे ती."

नोकरीच होती. धाकट्यांनी सतरा वर्षं सैन्यात बिनतारी संच सांभाळला आणि पुढची सतरा वर्षं सॉफ्टवेअर तपासण्यात घालवली. मुलाखतीला गेले तेव्हा समोर बसलेली पोरं त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. पडद्यावर एक फॉर्म दाखवून त्यांनी विचारलं, हा कसा तपासाल? बाकीच्या उमेदवारांनी पानंच्या पानं भरून उत्तरं लिहिली. धाकट्यांनी फॉर्म अर्धा भरला, खाली वाकून भिंतीतला प्लग उपसला, परत लावला, आणि कोरा झालेला फॉर्म दाखवून म्हणाले, "हे मी पास करणार नाही." आता त्यांच्या हाताखाली चौदा माणसं होती आणि कंपनीतलं कुठलंही काम त्यांच्या सहीवाचून बाहेर पडत नसे. पोरं त्यांना पाठीमागे 'थांबासाहेब' म्हणत. तोंडावरही म्हणत, कारण त्यांना ते आवडायचं.

संचावरची एक सवय त्यांनी तिथे नेली होती. निरोप ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा, आणि देणाऱ्याने 'बरोबर' म्हणायचं. तोवर निरोप पोचला असं धरायचं नाही. नवी पोरं आधी हसत, मग एकदा सपशेल तोंडघशी पडत, आणि त्यानंतर मुकाट्याने परत म्हणू लागत.

काकूला या सगळ्याचं कौतुक होतं. फक्त एक गोष्ट तिने कधी कुणाला सांगितली नव्हती. लग्नाला चोवीस वर्षं झाली, हा माणूस रोज उजव्या कुशीवर झोपतो, डावा कान वर ठेवून. ती शेजारी पडून दिवसभराचं सांगत असते, तो 'हं' म्हणतो, आणि तो 'हं' तिच्यासाठी नसतो हे तिला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. एकदा तरी त्याने या कुशीवर वळावं, एवढंच तिला हवं होतं.

स्वयंपाकघरात आत्या भाजी चिरत होती. आत्या म्हणजे थोरले आणि धाकटे यांच्या मधली बहीण, इस्पितळात मेट्रन. चिरायचीही ती शिस्तीत, सगळे तुकडे एका मापाचे.

"वहिनी, उद्या दुकान बंदच ना, दरवर्षीसारखं?" तिने विचारलं.

"बंद," म्हणून वहिनी ताटं घेऊन बाहेर गेल्या. बारा तारखेला दुकान का बंद असतं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. दमत असतील, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्या बाहेर जाताच आत्याने सुरी खाली ठेवली आणि ती काकूकडे वळली. "ऐक. ठकी आज विषय काढणार आहे. मी तिच्या बाजूने आहे, आधीच सांगते."

"कसला विषय, वन्सं?"

"लष्कराची जुनी रजिस्टरं संगणकावर चढवायचं काम यांच्याच कंपनीकडे आहे ना? त्यात पंचवीस वर्षांच्या वर जे बेपत्ता आहेत त्यांच्या नोंदी बंद होणार. दादाची नोंद एकदा बंद झाली की वहिनी सुटेल बिचारी. ठकीची बदली झालीय, तिला आईला बरोबर न्यायचंय. आणि ही हलत नाही. का, तर नोंदीत पत्ता इथला आहे."

"मग होऊ दे की बंद."

"तुझ्या नवऱ्यापाशीच घोडं अडलंय."

 

*

ठकी आली ती लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावूनच. ठकी हे नाव थोरल्यांनी ठेवलेलं. ती तीन वर्षांची असताना ते गेले, त्यामुळे नाव राहिलं आणि नाव ठेवणारा आठवत नाही, असा तिचा हिशेब. कंपनीत ती याच रजिस्टरांच्या कामाची प्रमुख होती. सोमवारी सगळं सुपूर्द करायचं होतं. सहा हजारांवर बग निघाले, मिटले. एकच उरला होता, नंबर चारशे सतरा, अकरा महिने उघडा. त्यात एवढंच लिहिलेलं: 'शेवटच्या संपर्काची तारीख चुकीची. पुरावा देतो.' खाली थांबासाहेबांचं नाव.

थांबासाहेब म्हणतायत म्हणजे काहीतरी असणारच, म्हणून कुणी हात लावला नव्हता. ठकीनेही नाही. शुक्रवारी वरून पत्र आलं तेव्हा तिने तो पहिल्यांदा नीट उघडला आणि कोणाच्या नोंदीवर आहे ते पाहिलं. समोर होता तो सेवा क्रमांक तिला पाढ्यांच्या आधीपासून पाठ होता. आई दरवर्षी एक अर्ज पाठवायची, आणि पाकिटावर तो आकडा लिहायचं काम ठकीचं असे.

सगळे ताटांवर बसले. वहिनी वाढायला उभ्या राहिल्या तेवढ्यात ठकी म्हणाली, "सर, चारशे सतराचं काय करायचं?"

घरात ती काकाला 'अरे काका' म्हणायची. 'सर' आणि 'तुम्ही' हे कचेरीपुरतं. धाकट्यांनी कोऱ्या ताटावरून हात मागे घेतला.

"उद्या बोलू, ठकी. कचेरीत."

"उद्या वेळ नाही. उद्या दुपारी बारापर्यंत तुमची सही आली नाही, तर या कामावरून तुमचं नाव काढणार आहेत. तुमच्या सहीशिवाय माल बाहेर जाणार, सतरा वर्षांत पहिल्यांदा. मला ते करायला लावू नका."

"आणि मग नोंदीचं काय होईल?"

"तुम्हाला ठाऊक आहे काय होईल. शेवटचा संपर्क अकरा तारीख. म्हणून मृत्यूची तारीख अकरा. मशीन आपोआप भरतं."

तो शब्द त्या खोलीत सव्वीस वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. वहिनींच्या हातातला डाव पातेल्यावर तसाच राहिला.

"कुणाची नोंद?" त्यांनी विचारलं, खरं तर विचारायची गरज नव्हती.

"बाबांची, आई. यांनी अकरा महिने अडवून धरलीय. मी काल दिवसभर बसून तपासलं. रजिस्टरात अकरा आहे, पडद्यावरही अकराच आहे. चूक कुठेही नाही. फक्त भाऊ आहे."

"धाकट्या, पुरे कर आता," आत्या म्हणाली. "अरे, माणसाने किती ओढून धरायचं? इस्पितळात मी रोज बघते. नातेवाईक नळ्या काढू देत नाहीत, आणि वाटतं त्यांना की आपण प्रेम करतोय."

"वन्सं, तुम्ही जरा थांबा," काकू म्हणाली. स्वयंपाकघरात ती आत्याच्या बाजूने निम्मी झुकली होती, पण नवऱ्याला चारचौघांत कुणी बोललेलं तिला खपत नसे. तो मान तिचा होता. "माझा नवरा सह्या लांबवेल, पण खोटं लिहायचा नाही. चुकीचं आहे म्हणालेत ना, मग चुकीचं असेल."

"मग पुरावा कुठाय, काकू? अकरा महिने नुसतं 'देतो, देतो'!" ठकीचा आवाज चढला. हे करताना तिला मुळीच बरं वाटत नव्हतं. बाप म्हणून तिच्या वाट्याला एक आकडा आला होता आणि हा माणूस. शाळेत पालकांच्या सभेला हाच यायचा, आणि तिच्या प्रगतिपुस्तकातली बेरीज पुन्हा करून शिक्षकांची चूक दाखवून यायचा. त्याचं नाव आता तिला आपल्या हाताने खोडायचं होतं. "एकदा म्हण ना, की नाही माझ्याकडे पुरावा. दादा गेला हे मला मान्य करवत नाही, एवढं म्हण. मी समजून घेईन, काका. पण तारीख चुकीची आहे असं नको म्हणूस."

"तारीख चुकीची आहे," धाकटे म्हणाले.

"पुरावा?"

"मी."

*

धाकट्यांनी हे वाक्य अकरा महिने रोज कचेरीत पडद्यासमोर जुळवलं होतं, आणि त्याआधी पंचवीस वर्षं डोक्यात. ऐन वेळी त्यातलं एकही कामाला आलं नाही. त्यांनी सरळ सांगायला सुरुवात केली, बग सांगतात तसं, काय दिसलं आणि किती वाजता.

"गस्तीचा संच दादाच्या पाठीवर होता. तळावरचा माझ्यासमोर. अकराच्या संध्याकाळी पाच चाळीसला त्याचा निरोप आला, वाट बंद आहे, फिरून येतो. वादळ होतं. बाकीचे पाच जण दुसऱ्या बाजूने उतरले, दादा मागे पडला. मी लिहायचो त्या निरोपांच्या वहीत शेवटचा तोच आहे. तुमचं रजिस्टर त्या वहीवरूनच केलेलं आहे, ठकी. मशीनची चूक नाही. वहीची आहे. म्हणजे माझी."

धाकटे खुर्चीत पुढे सरकले.

"बाराला सकाळी सात वीसला संचाच्या हेडफोनमध्ये, माझ्या डाव्या कानात, खट् असा आवाज आला. दोनदा. बॅटरी बसली की आवाज जात नाही, पण बटण दाबलं की समोर खट् ऐकू येतं. आम्ही दोघांनी ठरवलेलं होतं. दोनदा दाबलं की समजायचं, आहे, ऐकतोय."

"बाराला?" आत्या म्हणाली. "म्हणजे दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी. साहेब मागे उभे होते. म्हणाले, वादळात असे हजार आवाज येतात, तुझा भाऊ आहे म्हणून तुला ऐकू येतंय. लिहू नकोस. मी लिहिलं नाही. तेराला दुपारी शोध थांबवला, कारण वहीत अकरानंतर काहीच नव्हतं. मी लिहिलं असतं तर आणखी दोन-चार दिवस तरी शोधलं असतं त्यांनी."

ठकी उभी राहिली. खुर्ची मागे भिंतीवर आपटली. "सव्वीस वर्षं तू इथे येऊन जेवलास! आईच्या हातचं!"

"हो."

"आणि सांगितलं नाहीस!"

"नाही." त्यांना अजून एक सांगायचं होतं, आणि तेच सगळ्यात अवघड होतं. "दोनदा आलं की आपणही दोनदा दाबायचं, अशी पद्धत होती. माझं बोट बटणावर होतं. साहेब डोक्यावर होते आणि मी भ्यालो. मी दाबलं नाही. त्याला कळलंच नाही, की मी ऐकलं."

थांबासाहेब सगळ्यांकडून निरोप परत का म्हणवून घेतात, ते तेव्हा ठकीला समजलं. तिला ते समजायला नको होतं. तिला नुसतं रागावून राहायचं होतं.

काकूलाही एक गोष्ट समजली, डाव्या कानाची. चोवीस वर्षं तिने मनातल्या मनात कुणाकुणाचा हेवा केला होता, आधीच्या एखाद्या मुलीचा, कंपनीचा, संगणकाचा. तिने टेबलाखालून नवऱ्याचा हात धरला. "मला तरी सांगायचं होतंत," ती म्हणाली.  "मी पण ऐकलं असतं तुमच्याबरोबर."

*

वहिनी अजून उभ्याच होत्या. डाव पातेल्यात ठेवून त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी धाकट्यांकडे रोखून पाहिलं. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर एकामागून एक भिंग धरून त्या विचारत, हे स्पष्ट की हे? गिऱ्हाईक घाईत दोन्ही सारखीच म्हणालं, तर त्या पुन्हा विचारत. त्यांना अंदाज चालत नसे.

"एकदा की दोनदा, भाऊजी?"

"दोनदा."

"लागोपाठ, की मध्ये थांबून?"

"मध्ये थांबून. श्वास घ्यावा एवढं."

"सात वीस, की त्याच्या आसपास?"

"सात वीस. समोरच घड्याळ होतं. वहिनी, वादळाचा आवाज नव्हता तो. मी तेव्हाही ओळखला होता."

वहिनींनी डोळे मिटले. बारा तारखेची ती सकाळ त्यांना हवी तेव्हा समोर दिसत असे, नको तेव्हा तर जास्तच. तीन वर्षांची ठकी दुकान झाडायच्या वेळी खाली आली होती. तिने नंबर तपासायची जाड फ्रेम नाकावर चढवली, धडपडत निघाली, कपाटाला जाऊन धडकली आणि कपाटालाच दम दिला, "दिसत नाही का तुला?" वहिनी हसत सुटल्या. हसता हसता केरसुणी हातातून पडली, त्या जमिनीवर बसल्या, डोळ्यांतून पाणी आलं तरी हसतच राहिल्या. समोरच्या शाळेची सव्वासातची घंटा नुकतीच झाली होती. संध्याकाळी गणवेशातली दोन माणसं दारात आली आणि म्हणाली, कालपासून पत्ता नाही.

कालपासून. म्हणजे नवरा गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी आपण फरशीवर बसून खदाखदा हसत होतो. एवढं एकच त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बारा तारखेला त्या दुकान उघडत नसत, कारण त्या दिवशी आपल्याला पुन्हा हसू फुटेल अशी त्यांना भीती वाटे. आणि इतकी वर्षं त्या माणसाची वाट पाहिली त्यात हीही एक ओढ होती, की तो यावा आणि आपण त्याला सांगावं, अहो, मला माहीत नव्हतं हो.

ते होते. त्या हसत होत्या तेव्हा ते होते, कुठेतरी बटणावर बोट ठेवून.

"आई?" ठकी म्हणाली.

"तू त्या दिवशी कपाटाला दम दिला होतास," वहिनी म्हणाल्या आणि रडू लागल्या. ठकीला काही अर्थ लागला नाही, पण तिने आईला घट्ट धरलं.

धाकटे उठले. "मी आज लेखी देतो. जे ऐकलं ते, आणि लिहिलं नाही तेही. उद्या सकाळी चारशे सतराला जोड, ठकी. त्या कामावरची सही मी करणार नाही, साक्षीदाराने आपल्याच साक्षीवर सही करायची नसते. दुसऱ्या कुणाकडून तपासून घे. माझं जे व्हायचं ते होईल." मग ते वहिनींकडे वळले. "तुम्ही सांगाल तर पुढल्या वर्षापासून मी येणार नाही."

 नळ्या काढायच्या म्हणणारी आत्या, आता कुणाच्या बाजूची ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

वहिनींनी पदराने डोळे पुसले. "शोध थांबवला त्याचं मी विसरणार नाही, भाऊजी. त्याचा राग मला येणार आहे, आणि तो तुम्हाला सोसावा लागेल. पण ते नंतर. आधी हे." त्या ताठ बसल्या. निरोप परत म्हणायची पद्धत त्यांना ठाऊक होती. थोरलेही रजेवर आले की घरात तसंच करायला लावत, बाजाराच्या यादीलासुद्धा. "बारा तारीख," त्या एकेक शब्द नीट ठेवत म्हणाल्या. "सकाळी सात वीस. दोनदा."

  काकूने त्यांचा हात पुन्हा धरला.

"बरोबर," ते म्हणाले. मग खाली बसले आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन लहान मुलासारखे रडले.

ठकी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. राग गेला नव्हता. तरी तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाली, "लेखी दे, काका. रकान्यात मी स्वतः बारा भरीन."

अशा वेळी कुणीतरी जेवणाचं नाव काढावं लागतं, आणि ते काम नेहमी आत्याचं. "चला, दोन घास खाऊन घ्या सगळे. गार झालं. वहिनी, बस तू, मी वाढते."

"नको," वहिनी म्हणाल्या. त्या उठल्या आणि पातेल्यांवर एकेक करून झाकणं ठेवू लागल्या. कोरी ताटं गोळा करून त्यांनी एकावर एक रचली. "उद्या या सगळे."

"अहो जाऊबाई, उद्या सोमवार!" काकू म्हणाली. "सगळ्यांची कामं, आणि उद्या तर यांचं..."

"दुपारी या. जमेल तेव्हा या. खालूनच या, दुकान उघडं असेल उद्या."

"पण वहिनी, अकरा तारीख आज आहे," आत्या म्हणाली. "सव्वीस वर्षं आपण आजच जेवतोय."

"तेच तर चुकलं आपलं," वहिनी म्हणाल्या आणि शेवटचं झाकण ठेवलं. "आज कशाचं जेवण? आज ते आहेत."